गल्ला किती, आणि उरलं किती?

प्रदर्शनातून बाई परत आली की गावात पहिला प्रश्न ठरलेला. "किती झाली गं विक्री?" ती म्हणते, "साठ हजार!" ऐकणारीचे डोळे मोठे होतात. दुसऱ्या दिवशी निम्म्या गल्लीला ठाऊक होतं की अमकीनं मुंबईत दहा दिवसांत साठ हजार कमावले. कमावले कुठले हो? साठ हजारांचा माल विकला गेला, एवढंच. त्यातले तिच्या हातात किती राहिले हे गल्लीला तर सोडाच, पुष्कळदा तिचं तिलाही सांगता येत नाही.

आमच्या वाशीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत बचत गटांच्या बायकांबरोबर माझं बरीच वर्षं उठणं-बसणं आहे. घरचं आवरून दुपारी बैठकीला जायचं, वह्या बघायच्या, बँकेचे फॉर्म भरून द्यायचे, असं ते काम. अलीकडे बैठकीत कर्ज आणि हप्ता यांच्याइतकाच एक शब्द ऐकू येतो, तो म्हणजे स्टॉल. "ताई, औंदा आमाला बी स्टॉल मिळंल का?" मिळेल की! पण मिळाल्यावर काय करायचं, याचा विचार आधी करायला हवा. म्हणून आज हा स्टॉलचा विषय.

तसं पाहिलं तर विकणं आपल्याला नवीन नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा भरली की बांगड्या, कुंकू, खेळणी, खाऊ विकणाऱ्या कितीतरी बायका तिथं पाल ठोकून बसतात. आठवडी बाजारात तर भाजीच्या ढिगामागं बाईच असते. आपल्या जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनीही सुरुवात बांगड्या विकण्यापासूनच केली होती. पुढं शेळ्या आल्या, कोंबड्या आल्या, त्यांनी आणखी बायकांना उभं केलं आणि 2022 च्या महिला दिनी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या बायका धीट आहेत, त्याला कारणही आहे. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आठवा. त्यानंतर घरं दुरुस्त करायच्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढं आल्या. सरकारी साहेबांशी बोलायचं कसं, गावाची बाजू मांडायची कशी, हे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी तेव्हाच शिकून घेतलं. त्यातून बचतीचे गट वाढले. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', तर त्याच्याही आधीचं, 1975 सालचं. आणि 2011 पासून 'उमेद' अभियान आलं, त्यानं गट, ग्रामसंघ, प्रभाग संघ अशी उतरंडच लावून दिली.

पण आठवडी बाजारातलं विकणं वेगळं आणि मुंबईच्या प्रदर्शनातलं वेगळं. बाजारात सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. नाही विकलं तर उरलेली मेथी घरच्या परातीत. प्रदर्शनाला मात्र महिनाभर आधीपासून पैसे गुंतवायचे, दहा-बारा दिवस घर सोडायचं, आणि ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा गिऱ्हाइकाला आपली चटणी का घ्यायची हे पटवायचं. हा जुगार नव्हे, पण हिशेब न करता खेळला तर जुगारच.

आधी स्टॉल मिळतो कसा ते सांगते. आपल्या राज्यात सगळ्यात मोठं नाव 'महालक्ष्मी सरस'चं. ग्रामविकास विभाग आणि उमेदतर्फे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर हे प्रदर्शन भरत आलं आहे. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतले गट येतात, परराज्यांतलेही येतात. शिवाय खाण्याचे स्टॉल वेगळे असतात, तिथं ज्या त्या भागाचे पदार्थ गरम करून वाढतात. पुण्यात डिसेंबरात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची 'भीमथडी जत्रा' असते, तीही आता चांगली नावाजलेली आहे. त्याखेरीज जिल्ह्याची, विभागाची छोटी प्रदर्शनं होत असतात. सरसला जायचं तर गटाचं नाव तालुक्याच्या अभियान कक्षातून वर जातं. त्यामुळं तुमच्या सीआरपी ताईला आणि प्रभाग समन्वयकाला "आम्हाला जायचंय" हे वेळेत, आणि शक्यतो लेखी सांगून ठेवा. सरकारी प्रदर्शनात गटाकडून साधारणपणे स्टॉलचं भाडं घेत नाहीत, राहायची सोयही बहुतेक वेळा केलेली असते. तरीपण जेवण कुणाकडं, जाण्यायेण्याचं भाडं कुणाकडं, हे निघायच्या आधी स्पष्ट विचारून घ्यायचं. विचारण्यात लाज कसली!

खासगी प्रदर्शनांचं मात्र जपून. एका गटाला मोठ्या शहरात असा अनुभव आला की आगाऊ भाडं घेतलं, पत्रकावर रंगीत फोटो छापले, आणि तीन दिवस मांडवात स्टॉलवाल्याच एकमेकींचा माल बघत बसल्या. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : मागच्या वर्षी इथं कोण आलं होतं, जाहिरात कुठं केली, टेबल-खुर्ची-लाईट भाड्यात आहे का, रात्री राखण कुणाची. मागच्या वर्षीच्या एखाद्या स्टॉलवालीला फोन लावला तर पाच मिनिटांत खरं काय ते कळतं. आणि पावती घेतल्याशिवाय रुपया द्यायचा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकते, कारण ते कंटाळवाणं असलं तरी सुटका नाही. खायचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी, तिचा चौदा आकडी नंबर लेबलवर हवा. लेबलवर पदार्थाचं नाव, आत काय काय आहे (सगळ्यात जास्त असलेला जिन्नस आधी, मग त्याहून कमी असलेला), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, बॅच नंबर, किंमत, गटाचं नाव, पत्ता, फोन, आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण. वजनकाटा शिक्का मारलेला हवा. आता एक गंमत. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं आणि कितीतरी गटांकडं 'उस्मानाबाद' छापलेली लेबलं गठ्ठ्यानं शिल्लक राहिली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की लेबलं हजारांनी छापायची नाहीत, स्वस्त पडतात म्हणून तर मुळीच नाही. किंमत बदलते, नंबर बदलतो, आणि आपल्याकडं तर जिल्ह्याचं नावही बदलतं.

नेायचं काय, हा पुढचा प्रश्न. आपल्या भागाची ओळख म्हणाल तर खवा. भूम-वाशीकडच्या दूधवाल्या घरांत खव्याच्या भट्ट्या नव्या नाहीत, आणि कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मैत्रिणींनो, खवा हा दहा दिवसांच्या स्टॉलचा माल नव्हे. वाटेत पंधरा तास, वर मांडवातलं ऊन. शीतपेटी असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. चांगला परतून केलेला पेढा त्यातल्या त्यात बरा, तोही दोन दिवसांनी गावाकडून ताजा मागवायची सोय असेल तरच. आणि मानांकन मिळालं म्हणून कुणीही उठून आपल्या डब्यावर 'कुंथलगिरी' छापायचं नसतं. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

टिकणारा माल आपल्याकडं काय कमी आहे? शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कारळाची चटणी, काळा मसाला, येसर, बाजरीच्या खारोड्या, शेवया, कुरडया, उडदाचे पापड, तूरडाळ, कडक भाकरी. येसर तर मुंबईकडं फारशी कुणाला माहीतच नाही. लग्नातल्या येसर आमटीची गोष्ट सांगितली, चमचाभर वास द्यायला पुढं केला, की बाई पाकीट उचलतेच. कडक भाकरीलाही शहरात मागणी आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं म्हणून काही जण मुद्दाम ज्वारीचं शोधत येतात. पण भाकरी जागा फार खाते आणि मोडते. ती पत्र्याच्या डब्यात कागद घालून न्यायची, पोत्यात टाकली तर मुंबईत चुरा विकावा लागतो.

एका स्टॉलवर पंचवीस प्रकार मांडायचा मोह होतो. पापडही हवेत, गोधड्याही हव्यात, शेजारणीनं दिलेली लोणच्याची बरणीही हवी. गिऱ्हाईक मात्र येतं, बघतं, गोंधळतं आणि पुढं जातं. सहा-सात प्रकार, पण प्रत्येकाचा भरपूर साठा, हे मला जास्त पटतं. तिसऱ्याच दिवशी "संपलं हो ताई" म्हणायची वेळ आली की पुढचे सात दिवस हात चोळत बसावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. वही घ्या.

आपल्या बायकांचा चटणीचा भाव कसा ठरतो माहीत आहे? शेजारच्या स्टॉलवर पाव किलो ऐंशीला आहे ना, मग आपण सत्तर लावू! याला भाव ठरवणं म्हणत नाहीत. एक किलो शेंगदाण्याची चटणी घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारचे घाला. शेंगदाणे 145 रुपयांचे, लसूण 15, तिखट 18, मीठ-जिरं 5, गॅस आणि कुटण्याचे 12. झाले 195. पाव किलोची चार पाकिटं, लेबलासकट सहा रुपयांना एक, म्हणजे 24. झाले 219. इथपर्यंत सगळ्याजणी बरोबर येतात, आणि इथंच थांबतात. म्हणतात, "बघा की ताई, 280 ला विकतोय, किलोमागं साठ सुटले!"

आणि भाजणारी, सालं काढणारी, कुटणारी? ती घरचीच आहे म्हणून फुकट का? दिवसभरात एक बाई आठ किलो करते आणि तिची मजुरी 320 धरली, तर किलोमागं 40. प्रवास, हमाली, दहा दिवसांचं चहापाणी, चवीला वाटलेला आणि फुटलेला माल, याचे किलोमागं आणखी 40. बेरीज करा. 299. विकतोय 280 ला. म्हणजे प्रत्येक किलोला बाई पदरचे 19 रुपये घालतेय, आणि तेही हसत हसत!

तेच पाकीट नव्वदला लावलं तर किलोचे 360 येतात. सगळा खर्च आणि मजुरी जाऊन 61 उरतात. प्रदर्शनाला येणारं गिऱ्हाईक सत्तर आणि नव्वदमध्ये तितकं अडत नाही. ते चव, स्वच्छता आणि पाकिटाचं तोंड नीट बंद आहे का हे बघतं. आपणच मनातल्या मनात आपल्या मालाला घाबरतो.

आता सुरुवातीचे ते साठ हजार घेऊ. गोल आकड्यांत मांडते. कच्चा माल 30 हजार, पाकिटं-लेबलं साडेचार हजार, गॅस-गिरणी-डंक दोन हजार, गाडीभाडं नि हमाली पाच हजार, मुंबईतला दहा दिवसांचा वरखर्च चार हजार, खराब झालेला, चाखायला गेलेला माल अडीच हजार. एकूण 48 हजार. उरले बारा. दोघी बारा-बारा दिवस घर सोडून होत्या, ते चोवीस दिवस. त्याआधी पाचजणी आठ दिवस राबल्या, ते चाळीस. चौसष्ट दिवसांचे बारा हजार म्हणजे दिवसाला एकशे सत्त्याऐंशी रुपये. खुरपायला गेल्या असत्या तरी यापेक्षा जास्त सुटले असते!

हा हिशेब मी एका बैठकीत फळ्यावर मांडला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी आमी मुंबईला फुकट राबाया गेलतो म्हना की." फुकट नव्हे मावशी, पण स्वस्तात. आणि हे बदलतं कसं तेही त्याच फळ्यावर होतं. सगळ्या मालाचा भाव शंभराला वीस रुपये वाढवला, आणि माल तेवढाच गेला, तर साठाचे बहात्तर हजार होतात. खर्च तोच 48. उरतात चोवीस. भाव थोडा वाढला आणि हातातले पैसे दुप्पट! आणि याचंच उलटं बघा. शेवटी शेवटी "घ्या ताई, दहा टक्के कमी करते" असं सगळ्यांनाच म्हटलं तर साठातले सहा हजार गेले. पण ते सहा साठातून जात नाहीत, तुमच्या बारातून जातात. कमाईतली निम्मी रक्कम गिऱ्हाइकाला वाटून मोकळ्या! घासाघीस करणारी भेटली तर भाव पाडण्याऐवजी दोन खारोड्या चाखायला द्या, तीन पाकिटं घेतली तर एक छोटी पुडी वर घाला. ती पुडी आपल्याला सात-आठ रुपयांत पडते, आणि तिलाही काहीतरी मिळाल्याचं समाधान.

प्रवासाचंही सांगायला हवं. वाशीला रेल्वे नाही. एसटी, खासगी बस नाहीतर टेम्पो. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं त्याचा मोठा आधार वाटतो, पण सामानाचं भाडं काही अर्धं होत नाही. शेजारच्या दोन-तीन गटांनी मिळून एक टेम्पो केला तर परवडतं. प्रत्येक खोक्यावर गटाचं नाव, आत काय आहे आणि किती नग, हे मोठ्या अक्षरात लिहा. पहाटे मैदानावर पोचल्यावर पन्नास जिल्हाभरच्या खोक्यांत आपलं शोधायचं असतं, तेव्हा हे लिहिलेलं उपयोगी पडतं.

स्टॉल म्हणजे तीन बाजूंनी कापड, दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक दिवा. बाकीचं आपण न्यायचं. सुतळी, कात्री, चिकटपट्टी, टाचण्या, हातोडी-चुका, वायरचा बोर्ड, बॅटरी, रात्री झाकायला ताडपत्री, पुसायची फडकी, झाकणाचा डबा, पिण्याच्या पाण्याची कळशी. सगळा माल टेबलावर आडवा पसरला तर लांबून काहीच दिसत नाही. मागं रिकामे डबे पालथे घालून, वर खणाचं नाहीतर इरकलीचं कापड टाकून पायऱ्या करा. छोटं पुढं, मोठं मागं. भाव मोठ्या आकड्यांत लिहून समोर लावा. पुष्कळ गिऱ्हाइकं भाव विचारायला संकोचतात आणि न विचारताच जातात. मोबाईलवर पैसे घ्यायचा क्यूआर दोन ठिकाणी लावा, आणि तो गटाच्या नाहीतर बाईच्या स्वतःच्या खात्याचा असू द्या. हे मुद्दाम सांगते. एका ताईचा क्यूआर मालकांच्या खात्याचा होता. दहा दिवस त्या मुंबईत विकत होत्या आणि इकडं पैसे जमतील तसे खर्च होत होते. परत आल्यावर कच्च्या मालाची उधारी द्यायलाही खात्यात काही नव्हतं. मालक वाईट माणूस नव्हे हो, पण खात्यात पैसा दिसला की घराला शंभर तोंडं असतात.

बोलायचं कसं, हा बायकांचा सगळ्यात मोठा घोर. "आमची भाषा गावंढळ, मुंबईची माणसं हसतील." हसत नाहीत. उलट "पाट्यावर वाटलंय का?", "तुमच्या शेतातल्या शेंगा का?" असं कौतुकानं विचारतात. आपण आपलं बोलायचं, पण खरं बोलायचं. मिक्सरवर केलं असेल तर पाट्यावर वाटल्याचं सांगू नये. ओरडून बोलावायची गरज नसते आणि मोबाईलमध्ये डोकं घालूनही बसायचं नाही. उभं राहावं, नजर वर ठेवावी, लहान चमच्यानं चव पुढं करावी. चाखायचे चमचे एकदाच वापरायचे, डोक्याला कापड, हातात स्वच्छ चिमटा. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा एकीनं जेवून घ्यावं, स्टॉलच्या मागं, गिऱ्हाइकासमोर डबा उघडून नव्हे. शनिवार-रविवार संध्याकाळी मात्र दोघीही पायावर हव्यात. खरी विक्री तेव्हाच.

आणि हो, मुंबईत एक प्रश्न हमखास येतो. पाटीवर 'वाशी' वाचून बाई म्हणते, "अय्या, वाशीच्या का? आम्ही नेरूळला राहतो!" तिला वाटतं नवी मुंबईतली वाशी. मग सांगायचं, ती नव्हे बाई, आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची, येडेश्वरीच्या जवळची. याच प्रश्नावर बोलणं वाढतं आणि दोन पाकिटं जास्त जातात. आमच्या एका ताईनं तर पाटीवरच लिहून घेतलं होतं, 'वाशी, पण मराठवाड्यातली'. लोक थांबून वाचायचे!

रोज रात्री दमून अंग टाकावंसं वाटतं, पण त्याआधी दहा मिनिटं वहीला द्यायचीच. कोणत्या प्रकाराची किती पाकिटं गेली, रोख किती, मोबाईलवर किती, आज खर्च काय झाला. नुसता गल्ला मोजून उपयोग नाही. प्रकारवार लिहिलं तरच तिसऱ्या दिवशी कळतं की कारळाची चटणी हलत नाही आणि येसर संपत आलीय, आणि गावाकडं फोन करून पुढचा माल मागवता येतो. सुटे पैसे वेगळ्या पिशवीत, मोठ्या नोटा कंबरेच्या बटव्यात. चहा-वडापाव गल्ल्यातून घेतला तरी लिहायचा. हे न लिहिलेले चहा दहा दिवसांत हजाराच्या घरात जातात!

घरातून निघण्याचा प्रश्न अजूनही आहेच, तो नाही असं कशाला म्हणू? "दहा दिवस भाकरी कोण थापणार?" हे सासू विचारते, नवरा विचारतो, आणि खरं सांगायचं तर बाई स्वतःलाही विचारते. गटानं यावर काय काय उपाय काढलेत ते ऐकण्यासारखं आहे. एका गटात मागं राहिलेल्या बायकांनी आळीपाळीनं गेलेलीच्या घरी डबा पोचवला आणि तो स्टॉलच्या खर्चात धरला, शंभर रुपये दिवसाप्रमाणं. मला ही रीत फार आवडली. कारण पहिल्यांदाच घरच्या भाकरीला वहीत किंमत मिळाली. दुसऱ्या एका घरी सासूबाईच म्हणाल्या, "म्या बी येती, बसून पाकिटं तरी मोजीन." त्या आल्या. खणाचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. त्या स्टॉलवर गिऱ्हाईक कमी पडलं नाही. आता सून निघाली की त्यांची पिशवी आधी भरलेली असते.

कोण जाणार हेही दरवेळी तेच ते नको. अध्यक्ष आणि सचिव दोघीच दर वर्षी जातात, बाकीच्या घरी पापड लाटतात, असं पुष्कळ गटांत चालतं आणि त्यातूनच गट फुटतात. एक अनुभवी, एक नवी, अशी जोडी पाठवावी. जाणाऱ्या दोघींना रोजाप्रमाणं मजुरी आणि घरी राबलेल्यांनाही रोजाप्रमाणं मजुरी आधी काढून ठेवायची, मग उरलेला नफा वाटायचा. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला तेव्हापासून तिथं लाटणाऱ्या बाईला वजनावर मजुरी मिळते, आणि ती मालकीणही असते. लाटणारीचे पैसे बुडवून कुणी मोठं झालेलं नाही.

फळ्यावरचा हिशेब बघितलेल्या त्या गटानं पुढच्या खेपेला पंधरा प्रकारांचे सात केले, भाव वाढवले, पापड नेलेच नाहीत कारण त्यात मजुरीच सुटत नव्हती. विक्री आधीपेक्षा थोडी कमीच झाली. गल्लीत त्याचीही चर्चा झाली, "औंदा काय धंदा झाला न्हाई वाटतं." पण वाटणी झाली तेव्हा प्रत्येकीला रोजाचे तीनशेच्या वर पडले. त्या मावशींनी आपल्या पैशातून कुटायचं यंत्र घ्यायचं ठरवलंय. उखळात कुटून त्यांचा खांदा गेलाय.

परत आल्यावर आठवडाभरात करायचं एक काम राहून जातं. स्टॉलवर ज्यांनी ज्यांनी नंबर दिले त्यांना एक फोन किंवा मेसेज करायचा, "चटणी आवडली का?" शंभरातल्या दहाजणींनी जरी दिवाळीआधी दोन-दोन किलोची मागणी केली तरी तो माल घरबसल्या कुरिअरनं जातो, ना मांडव ना मुंबईचा खर्च. पार्सलचं भाडं मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळं घ्यायचं आणि पैसे खात्यात आल्यावरच पार्सल बांधायचं. उरलेल्या मालाच्या तारखा बघून तो आधी इथल्याच बाजारात काढायचा. तारीख गेलेलं पाकीट पुढच्या प्रदर्शनाला न्यायचं नाही, मग त्यात कितीही पैसे अडकलेले असोत.

यंदा ज्यांना जायचंय त्यांनी गणपती उठले की तालुक्याच्या कार्यालयात चौकशीला लागावं. मसाल्याची मिरची मात्र तेव्हा घेऊ नका. ती उन्हाळ्यातच, नवी बाजारात आली की घेऊन, कडक वाळवून, डब्यात भरून ठेवायची. आणि पावती वहीत चिकटवायची.